शेजारच्या घराच्या पायाविषयी

पणजी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मळ्यातील तळघराच्या खोदाईचे नकाशे आणि आकडेमोड मी बारकाईने वाचली. शीट पाइलची, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या एकमेकांत अडकणाऱ्या पोलादी पत्र्यांची, भिंत उलटणार नाही, हे तुझ्या हिशेबावरून पटते. मात्र खड्ड्यापासून ४ मीटरवर असलेले चिऱ्यांचे जुने घर किती खचेल, याचे उत्तर त्यात कुठेच नाही, आणि माझ्या दृष्टीने मुख्य प्रश्न तोच आहे. मऊ चिकणमातीत खोदाईच्या खोलीच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत जमीन बसू शकते. तुझा खड्डा ६ मीटरचा आहे, म्हणजे त्या घराच्या मागचे घरही त्या पट्ट्यात येते. ६ मीटर लांबीच्या भिंतीच्या दोन टोकांच्या खचण्यात २० मिलिमीटरचा फरक पडला, की १/३०० हे प्रमाण गाठले जाते आणि सर्वसाधारण इमारतींच्या भिंतींना तडे जाऊ लागतात. मातीत बसवलेल्या चिऱ्यांच्या बाबतीत मी १/५००, म्हणजे १२ मिलिमीटर, हीच मर्यादा धरीन.

सर्वांत जास्त काळजी मला पाण्याची वाटते. खाडी जवळ असल्याने भूजल वरच आहे आणि तुझे पाइल जांभ्याच्या माथ्यावर टेकून थांबले आहेत. जांभा सच्छिद्र असतो. पाणी पाइलांच्या खालून खड्ड्यात येईल, पंप ते उपसत राहतील आणि बाहेरची पातळी उतरत जाईल. ती ३ मीटर उतरली, तर खालच्या चिखलावर दर चौरस मीटरला सुमारे ३ टन जादा भार येतो, म्हणजे त्या घरावर दोन-तीन मजले चढवल्यासारखेच झाले. भिंत तसूभर न हलताही हे घडते, त्यामुळे स्ट्रट, म्हणजे भिंतींना आतून आडवा आधार देणारे दांडे, कितीही मजबूत केले तरी इथे त्यांचा उपयोग नाही. जांभ्याखालच्या घट्ट मातीपर्यंत भिंत नेणे हाच उपाय मला दिसतो. शीट पाइल ठोकून तिथवर जाणार नाहीत, आणि ठोकण्याचे हादरे त्या घराला सोसवणारही नाहीत. म्हणून भोक पाडून ओतलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या काँक्रीट पाइलांचा विचार कर. खर्च वाढेल, हे मला ठाऊक आहे.

पहिला स्ट्रट तू ३ मीटर खोदल्यावर दाखवला आहेस; तो १ मीटरवरच बसव. त्याआधी भिंत जेवढी झुकते, ते झुकणे नंतर परत येत नाही.

सिंगापूरच्या निकोल हायवेजवळ २० एप्रिल २००४ रोजी मेट्रोची खोदाई कोसळून चौघांचा मृत्यू झाला. मऊ मातीची ताकद हिशेबात अवास्तव धरली होती आणि स्ट्रटचे जोडही कमकुवत होते. परंतु भिंत अपेक्षेपेक्षा जास्त सरकते आहे असे मोजमापे सांगत असताना सरकण्याच्या मर्यादाच वाढवण्यात आल्या, ही गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. म्हणून काम कोणत्या आकड्याला थांबेल आणि ते थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे कंत्राटातच लिहून घे.

घरमालकांना सोबत घेऊन आजच्या तड्यांची छायाचित्रे व मापे खोदाईपूर्वीच नोंदवून ठेव. सुधारित नकाशे आणि बोअरहोलच्या, म्हणजे माती तपासण्यासाठी घेतलेल्या भोकांच्या, मूळ नोंदी पाठव. जूनपूर्वी तळाचा स्लॅब पूर्ण होणार नसेल, तर खोदाई पावसाळ्यानंतरच सुरू करावी, असे मी अहवालात लिहिणार आहे.

तुझा स्नेहांकित मित्र