तंजावरला निदान एक मुक्काम तरी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत टूर कंपन्यांच्या जाहिरातींनी पानंच्या पानं भरली होती, त्यातल्या बऱ्याचशा "सांस्कृतिक व आध्यात्मिक दक्षिण भारत दर्शन" टाईपच्या. तिरुपती, कांचीपुरम, महाबलीपुरम, तंजावर, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, सगळं एका दमात. मी आणि सौ. यातलीच एक टूर करून आलोय. कंपनीचं नाव देत नाही, कारण आल्यावर ओळखीपाळखीत चौकशी केली तर इतरांचं शेड्युलही जवळपास तेच निघालं. जेवणाबद्दल तक्रार नाही, उलट मदुराईत पुरणपोळी मिळाली, आता ती मदुराईत कशाला हवी होती हा प्रश्न वेगळा. हॉटेलंही बरी होती. माझी तक्रार तंजावरची आहे.

संध्याकाळी साडेचारच्या सुमारास बस बृहदीश्वराच्या देवळासमोर लागली आणि सहाला टूर मॅनेजरची शिट्टी वाजली, संपलं तंजावर. रात्रीचा मुक्काम त्रिचीला. हे देऊळ राजराज चोळाने 1010 साली पूर्ण केलं, शिखर 200 फुटांच्या वर, सगळं ग्रॅनाईटचं, 1987 पासून जागतिक वारसा यादीत. पायाच्या दगडांवर तमिळमध्ये अक्षरशः हिशेबवह्या कोरल्यात, देवाला कोणी काय दागिना दिला, कुठल्या गावचा किती भात यायचा, आणि देवळात नाचण्यासाठी आणलेल्या 400 बायकांची नावं, कोण कुठल्या रांगेत राहते त्यासकट. हे सगळं मी घरी परत आल्यावर वाचलं बरं का. तिथे आमच्या गाईडने काय सांगितलं, तर म्हणे या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. आणि हे ऐकत आम्ही चाळीस माणसं उन्हापासून वाचायला त्याच सावलीत उभे होतो! एकानेही खाली बघितलं नाही, सगळे वर बघून वा वा करत होते.

खरी गंमत पुढे. नंदीबरोबर फोटो काढायला लाईन लागली म्हणून आम्ही दोघं ओवरीतून चक्कर मारायला गेलो आणि दक्षिण-पश्चिम कोपऱ्याकडे भिंतीवर देवनागरी दिसली. वाचायला लागलो तर मराठी! भिंत भरून मराठी. हा तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 साली कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास, देशातल्या सगळ्यात मोठ्या शिलालेखांपैकी एक म्हणतात. गाईडला विचारलं तर म्हणाला, हां हां, मराठा किंग. बस. ग्रुपमधल्या बाकीच्यांना हाक मारून बोलावेपर्यंत शिट्टी झाली. आता मला सांगा, 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्याच सोसायटीत पेढे वाटले होते, आणि तीच माणसं या भिंतीपासून पन्नास पावलांवर उभी राहून सेल्फी काढून परत आली. त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही, आणि पैसे तर त्यांनी सांगणाऱ्याचेसुद्धा दिले होते.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी 1676 च्या सुमारास तंजावरला गादीवर बसले आणि 1855 मध्ये वारस नाही म्हणून इंग्रजांनी संस्थान गिळलं, म्हणजे पावणेदोनशे वर्षांचा मामला आहे. आपण शाळेत यातलं अर्धं पानही शिकत नाही. सांगलीत विष्णुदास भाव्यांचं नाटक 1843 ला झालं ते पहिलं असं आपण घोकतो, पण तंजावरचे शहाजी राजे (व्यंकोजींचे चिरंजीव, शिवाजी महाराजांचे वडील नव्हेत) त्याच्या सव्वाशे दीडशे वर्षं आधी मराठीत नाटकं लिहून बसले होते. मग हे दुसरे सरफोजी, राज्यकारभार 1799 लाच इंग्रजांनी काढून घेतला, हातात किल्ला आणि आजूबाजूचा थोडा भाग, तर हा माणूस काय करत बसला? देवनागरीचे खिळे असलेला छापखाना काढला, इसापनीती मराठीत छापून घेतली, डोळ्यांच्या पेशंटचे कागद चित्रांसकट ठेवले, आणि मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या वेळेपासून चालत आलेलं सरस्वती महाल ग्रंथालय एवढं वाढवलं की आज तिथे 40 हजारांवर हस्तलिखितं आहेत, त्यातली 3 हजारांच्या आसपास मराठी, शिवाय मोडी लिपीतल्या कागदांचे शेकडो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. हे ग्रंथालय देवळापासून रिक्षाने दहा मिनिटांवर राजवाड्याच्या आवारात आहे, त्याचं छोटं म्युझियम कोणालाही बघता येतं. आमच्या शेड्युलमध्ये त्याचं नावसुद्धा नव्हतं. शेड्युलमध्ये काय होतं, तर "तंजावर पेंटिंग शॉपिंग", आणि वाटेत कांचीपुरमला साड्यांचं शोरूम, तिथे मात्र दोन तास मिळाले, चहा पण मिळाला. कोणाला त्यातून काय सुटतं ते न कळण्याइतके आपण दुधखुळे नाही.

यात्रा म्हणजे काय असते हे खरं तर या तंजावरकरांकडूनच शिकण्यासारखं आहे. रामेश्वरला जाणारा रस्ता त्यांच्या राज्यातून जायचा, त्या रस्त्यावर त्यांनी यात्रेकरूंसाठी छत्रं, म्हणजे राहण्याजेवण्याची सोय असलेल्या धर्मशाळा, बांधल्या, त्यातलं ओरत्तनाडचं मुक्तांबा छत्र अजून उभं आहे. 1801 साली सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांचा कारभार सांगितलाय, येणाऱ्या सगळ्या जातींच्या माणसांना जेवण, आजारी पडला तर वैद्य आणि पथ्य, आणि मध्यरात्री घंटा वाजवायची की अजून कोणी उपाशी असेल तर या. दोनशे वर्षांनंतर आमच्या बसला घंटेऐवजी शिट्टी आहे, असो. हेच सरफोजी 1820 मध्ये स्वतः काशीयात्रेला निघाले, बरोबर 3 हजार माणसांचा लवाजमा, आणि येताना तिकडून हस्तलिखितं गोळा करून आणली. आम्ही रामेश्वरला 22 कुंडांच्या बादल्या डोक्यावर घेतल्या, ओल्या कपड्यांनी लाईनीत उभे राहिलो, छान वाटलं, श्रद्धा आहे त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मग जाहिरातीत "सांस्कृतिक" कशाला लिहिता?

आता कंपन्यांचं म्हणणं मला माहितीये, आमच्या मॅनेजरने पण तेच ऐकवलं. ज्येष्ठ नागरिक असतात, देवळांच्या वेळा सांभाळायच्या असतात, दक्षिणेत दुपारी साडेबारा ते चार देवळं बंद. अहो पण तेच तर! दुपारी देवळं बंद असतात म्हणून तर आम्ही रोज तीन साडेतीन तास हॉटेलच्या लॉबीत नाहीतर बसमध्ये पेंगत होतो. त्याऐवजी तंजावरलाच मुक्काम करा, पहाटे देऊळ उघडल्याबरोबर दर्शन घ्या, तेव्हा ऊनही नसतं आणि दगडही तापलेले नसतात, आणि मधल्या वेळेत राजवाडा, तिथलं चोळ ब्राँझ मूर्तींचं कलादालन आणि सरस्वती महाल दाखवा, फक्त सुट्टीचा वार आधी बघून. संध्याकाळी तासाभराच्या आत तिरुवैयारूला कावेरीकाठी कर्नाटक संगीतातल्या संत त्यागराजांच्या समाधीवर जाता येतं. त्रिचीचा मुक्काम वाचतो, एक पैसा जास्त लागत नाही, लागलाच तर शोरूमचे दोन तास कमी करा.

आणि गाईड. कन्याकुमारीला विवेकानंद शिलेवर आमचा मॅनेजर अचानक खुलला, स्मारक उभारणारे एकनाथ रानडे अमरावती जिल्ह्यातले, 1970 ला ते झालं, वगैरे सगळं मस्त सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे सांगता येतं, ऐकणारेही आहेत. मग तंजावरलाच का दातखीळ बसते? सांबार म्हणे तंजावरच्या राजवाड्यात पहिल्यांदा झालं, ही एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तिला पुरावा काय ते कोणी विचारत नाही. पण रामदासी मठ तिथे होते, सज्जनगडावरच्या राममूर्ती तंजावरला घडल्या अशी परंपरा सांगतात, मराठी कीर्तनावरून तिकडची हरिकथा तयार झाली आणि तमिळ कथेकरी आजही त्यात साकी, दिंडी, अभंग अशी मराठी पद्यं म्हणतात, यातलं एक अक्षर बसमध्ये निघालं नाही. साताऱ्याकडच्या माणसाला सज्जनगडचं नाव ऐकून काय वाटलं असतं ते मी वेगळं सांगायला नको. त्याऐवजी माईकवर अंताक्षरी चालू होती, ती पण हिंदी गाण्यांची.

राज्य सरकारच्या मराठी भाषा विभागाने तमिळनाडू सरकारशी आणि पुरातत्त्व खात्याशी बोलून त्या शिलालेखाजवळ नीट वाचता येईल अशी एक पाटी आणि चार पानांची मराठी पुस्तिका ठेवली तर फार मोठा खर्च नाही. निदान मला तरी तिथे तशी पाटी दिसली नाही. पण सरकारची वाट बघण्यापेक्षा बुकिंग करणाऱ्यांनी ऑफिसात बसल्या बसल्या विचारावं, तंजावरला किती वेळ, राजवाडा आहे का, मराठीत सांगणारं कोण आहे, आणि उत्तर लेखी घ्यावं. चाळीस जणांनी विचारलं की शेड्युल आपोआप बदलतं, दर सीझनला जेवणाचा मेनू नाही का बदलत.

तुमच्या पर्यटन पुरवणीत जाहिरातींच्या शेजारी तंजावरवर एखादा माहितीचा लेख आला तर बरं होईल. आमच्या ग्रुपमधल्या काही जणांनी पुढच्या हिवाळ्यात ट्रेनने त्रिचीला उतरून तिथून मिनी बसने फक्त तंजावर आणि कुंभकोणम करायचं ठरवलंय, जवळच गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं देऊळ आहे तेही बघू. तुमच्या वाचकांपैकी कोणी मोडी वाचणारं असेल आणि यायची तयारी असेल तर त्यांच्यासाठी दोन सीट ठेवतो, तिकिटाचं आम्ही बघू.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा