मनगटी पट्ट्यांच्या खरेदीआधी: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

शाळेत तंत्रज्ञान आणायचे म्हटले की खरेदीची यादी आधी तयार होते. पीटीच्या तासाला त्याचा उपयोग काय, हे मागाहून शोधले जाते. मुलांचा दमसास वाढवण्यासाठी सरसकट मनगटावर बांधायचे, हृदयाचे ठोके मोजणारे स्मार्ट पट्टे घेण्याचा प्रस्ताव आपल्यापुढे आला, तर सही करण्याआधी एकदा मैदानावर या.

दमसास मोजणारी बीप टेस्ट पाहा. 20 मीटर अंतरावर दोन रेषा, एक फोन, एक स्पीकर. बीप वाजायच्या आत पलीकडची रेषा गाठायची. सुरुवातीचा वेग ताशी 8.5 किलोमीटर, पुढे दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढ. व्यायामशास्त्रज्ञ ल्यूक लेजे यांनी 1980च्या दशकात विकसित केलेली ही चाचणी आजही जगभर चालते, आणि खर्च जवळपास शून्य.

पण सर्वांत आधी बाद झालेले मूल गुडघ्यांवर हात टेकून उभे राहते आणि उरलेला वर्ग त्याच्याकडे बघत पळत असतो. खरे तंत्रज्ञान हवे ते इथे. छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा लावला, तर मागे पडलेल्या मुलाचे ठोके मिनिटाला 185 आणि पुढच्याचे 150 असेही दिसू शकते. म्हणजे जीव तोडून पळत होता तो मागचा! असे मोजके पट्टे आळीपाळीने वापरले तरी वर्गाला पुरतात. मनगटावरची यंत्रे जोराच्या हालचालीत चुकतात. शिवाय कमाल ठोके काढण्याचे 220 वजा वय हे सूत्र मुलांना नीट लागू पडत नाही. आठ वर्षांचे मूल असो वा पंधरा, कमाल ठोके साधारण 200च्या आसपासच राहतात. पट्टा नसेल तर पळताना दोन वाक्ये बोलता येतात का, एवढे विचारले तरी अंदाज येतो.

या आकड्यांवर गुण मात्र देऊ नका. वयात आलेला मुलगा आणि न आलेला, एकाच वर्गात बसतात. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या सत्राशी व्हावी, नोंदी शाळेतच राहाव्यात आणि पालकांची संमती असावी.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयोगटासाठी रोज सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. गणिताचा राहिलेला धडा पीटीच्या तासाला उरकला जात असेल, तर पट्टा मोजणार तरी काय? तेव्हा पहिला आदेश तो तास न काढण्याचा काढा, दुसरा शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा. निविदा त्यानंतर.

आपला,
एक शारीरिक शिक्षण शिक्षक