दहावीच्या अभ्यासिकेसाठी आवाहन

सोलापूर शहराच्या पूर्व भागातील नागरिकांस सविनय नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की काही शाळांच्या फाटकावर ‘१०० टक्के निकाल’ असा फलक लागतो आणि दोन गल्ल्यांपलीकडच्या शाळेविषयी ‘तिथली पोरं अभ्यासच करत नाहीत’ असे म्हणून लोक मोकळे होतात. जिल्ह्याच्या ११ तालुक्यांतील सरकारी व अनुदानित शाळांच्या निकालांत अंतर आहे हे खरे. परंतु ते मुलांच्या बुद्धीतले अंतर आहे, असे आमच्या वाचनालय मंडळास वाटत नाही. गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली की भूमिती शिकवण्याचे काम ज्यांचा तो विषयच नाही त्यांच्यावर येते, ऊसतोडीला गेलेल्या घरांतील मुले ऐन अभ्यासाच्या महिन्यांत वर्गात नसतात आणि घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला शाब्दिक उदाहरण सोडवण्याआधी त्यातले मराठी उलगडावे लागते. फलकावरच्या आकड्याचेही आम्हांस फारसे अप्रूप नाही. कच्च्या मुलाला १७ नंबरचा, म्हणजे शाळेचा नियमित विद्यार्थी म्हणून नव्हे तर खाजगीरीत्या परीक्षेला बसण्याचा, अर्ज भरायला लावला की शाळेचा टक्का आपोआप वाढतो.

आमच्याकडे येणारी दहावीतली एक मुलगी आईबरोबर विडीची पाने कातरून झाल्यावर रात्री वही उघडते, तेव्हा शेजारचा यंत्रमाग चालूच असतो. भूमितीचे प्रमेय ती घडाघडा म्हणते, पण आकृती काढायला सांगितली की थांबते, कारण नववीत तिच्याकडे कंपासपेटी नव्हती आणि ती आहे का, असे कुणी विचारलेही नव्हते.

अशा मुलांसाठी मंडळाच्या वाचनालयातील मागची खोली रोज सायंकाळी ७ ते ९.३० या वेळेत अभ्यासिका म्हणून खुली ठेवली आहे. तेथे गणिताचे दोन्ही भाग, विज्ञान आणि इंग्रजी शिकवू शकणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आठवड्यातील दोन संध्याकाळी द्याव्यात, अशी विनंती आहे. ज्यांना वेळ देणे शक्य नाही त्यांनी बाके, ट्यूबलाइट, कंपासपेट्या किंवा मागील वर्षांचे प्रश्नपत्रिका संच द्यावेत. जुने संच चालतील, मात्र उत्तरे आधीच लिहिलेले नकोत. रोख देणगीची पावती वाचनालयात लगेच मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दारावरच्या फळ्यावर लावला जाईल.

आपले विनीत,
वाचनालय मंडळाचे कार्यकर्ते