पट्ट्याचं कौतुक पुरे, काट्यांचं सांगा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत जहाजावरच्या जुन्या क्रोनोमीटरवरून (म्हणजे समुद्रात अचूक वेळ राखणाऱ्या घड्याळावरून) बेतलेल्या एका महागड्या मेकॅनिकल मनगटी घड्याळावर पानभर आलंय, फोटो झकास, पण सगळा लेख सोन्याची केस, मगरीच्या कातड्याचा पट्टा आणि मोजकेच नग निघणार यातच संपला. अहो, डायलवर बाराच्या खाली जो छोटा काटा दिसतोय तो कशाला आहे एवढं तरी सांगायचं ना!

तो काटा चावी किती शिल्लक आहे ते दाखवतो. जहाजावरच्या क्रोनोमीटरला रोज ठरलेल्या वेळी चावी द्यायचे, कारण भर समुद्रात ते बंद पडलं तर परत जुळवणार कशाशी? अक्षांश काय, सूर्य नाहीतर ध्रुवतारा बघून काढता यायचा, पण रेखांशाला ग्रीनिचची नाहीतर निघालेल्या बंदराची वेळ सोबत लागते, ती जहाज असेल तिथल्या सूर्यावरून काढलेल्या वेळेशी ताडायची आणि फरकावरून रेखांश काढायचा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांना एक अंश, आणि विषुववृत्तापाशी ४ सेकंद चुकले की जहाज एक सागरी मैल चुकलं. सहाच्या जागी सेकंदाची वेगळी चकती असते ती म्हणूनच, शोभेसाठी नव्हे.

अठराव्या शतकातल्या इंग्लिश जॉन हॅरिसनला तुम्ही 'अचूक घड्याळ बनवणारा' म्हणून एका ओळीत उरकलंत. १७०७ मध्ये सिली बेटांपाशी ब्रिटिश आरमाराची चार जहाजं खडकांवर फुटली, पुढे १७१४ मध्ये पार्लमेंटने समुद्रात रेखांश काढण्याच्या रीतीसाठी २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं, आणि त्यामागे हा मूळचा सुतार माणूस आयुष्यभर लागला. त्याचं एच-४ म्हणजे १३ सेंटिमीटर व्यासाचं जाडजूड घड्याळ, १७६१ च्या नोव्हेंबरात ते जमैकाला निघालं आणि तिथे पोचल्यावर चूक निघाली फक्त पाचेक सेकंद! पण ही चूक, घड्याळ रोज किती मागे पडतं ते हिशेबात धरून. खरी मेख इथेच आहे. घड्याळ रोज अडीच सेकंद मागे पडलं तरी चालेल, फक्त ते रोज तेवढंच पडलं पाहिजे, मग गुणाकार करून तेवढे मिळवले की काम झालं. बक्षिसाचा निर्णय करणाऱ्या रेखांश मंडळाने मात्र हा दर आधी सांगितला नव्हता म्हणून वाद घातला आणि परत चाचणी घ्यायला लावली (सरकारी कमिट्या तेव्हाही तशाच).

आता तुमचं ते वाक्य, की हे घड्याळ बांधून आजही कुणी महासागर पार करेल. मनगटी घड्याळांना अचूकतेचं जे स्विस 'क्रोनोमीटर' सर्टिफिकेट मिळतं, त्यात दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात. समजा रोज ५ सेकंद पुढे गेलं आणि हिशेबात धरलं नाही, तर महिन्याभरात १५० सेकंद, म्हणजे विषुववृत्तावर साडेसदतीस सागरी मैल. बरं हिशेबात धरायचं म्हटलं तरी मनगटावर हात वर-खाली होणार, ऊन लागणार, रात्री काढून आडवं ठेवणार, त्यामुळे दर बदलत राहतो. जहाजावरचा क्रोनोमीटर मनगटावर कधी नव्हताच, तो पेटीत, दोन कड्यांमध्ये झुलता ठेवलेला, म्हणजे जहाज कितीही कललं तरी डायल आपलं आकाशाकडे. डेकवर न्यायला वेगळं घड्याळ असायचं, त्याची वेळ याच्याशी ताडून घ्यायचे. आणि एकावर भरवसा नको म्हणून बीगल हे ब्रिटिश सर्वेक्षण जहाज १८३१ मध्ये तब्बल २२ क्रोनोमीटर घेऊन निघालं होतं.

तरी असं घड्याळ कुणी हौसेने घेत असेल तर जरूर घ्यावं, मलाही त्या निळ्या काट्यांचा मोह होतोच, साधं क्वार्ट्झ त्याच्यापेक्षा बरोबर चालतं हे माहीत असूनही.

विनंती एवढीच, पुढच्या वेळी असं घड्याळ तुमच्या लेखकाच्या हाती आलं की महिनाभर रोज एकाच वेळी रेडिओच्या टाइम सिग्नलशी ताडून बघायला सांगा आणि ते आकडे छापा, पट्टा कुठल्या प्राण्याचा ते नाही छापलं तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक