हॉवरफ्लायला एकच फोटो पुरत नाही

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

फुलावर बसलेल्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशीचा छान फोटो छापतात आणि खाली बिनधास्त 'मधमाशी' लिहितात, हे इतक्या वेळा बघितलंय की आज शेवटी लिहायला बसलो. ती बऱ्याचदा हॉवरफ्लाय, म्हणजे हवेत एका जागी थांबणारी माशी असते. हॉवरफ्लायला दोनच पंख आणि मधमाशीला चार, हे खरंय, पण मधमाशीचे पुढचे-मागचे पंख एकमेकांत अडकलेले असतात म्हणून फोटोत तेही दोनच वाटतात, त्यामुळे मी आधी मिशा बघतो. हॉवरफ्लायच्या मिशा बहुतेक वेळा अगदी आखूड असतात आणि डोळे डोकंभर पसरलेले.

पण माझं खरं म्हणणं पुढचंय. जगात हॉवरफ्लायच्या सुमारे ६,००० स्पीसीज आहेत आणि लोक वरून काढलेला एकच फोटो दाखवून नाव विचारतात. एपिसिर्फस बाल्टिएटससारखी एखादी पोटावरच्या जाड-बारीक अशा जोडपट्ट्यांवरून बहुतेक वेळा कळते, तीसुद्धा कोष थंडीत वाढला असेल तर इतकी काळपट निघते की वेगळीच वाटावी. सिर्फस रिबेसी आणि सिर्फस विट्रिपेनिस या दोघी वरून जवळपास सारख्याच, मादी असेल तर मागच्या पायाची मांडी बघायची, रिबेसीची पिवळी आणि विट्रिपेनिसची बरीचशी काळी, पण नरांमध्ये हा फरक चालत नाही, म्हणजे आधी नर की मादी ते कळायला हवं आणि त्यासाठी डोक्याचा फोटो लागतो, कारण नराचे डोळे वर एकमेकांना टेकलेले असतात. आता वरून काढलेल्या फोटोत मांडी कुठून दिसणार? स्फेरोफोरिया या हॉवरफ्लायच्याच एका गटाचं तर आणखी अवघड, तिथे नराचं जननांग मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं आणि मादीचं नाव बहुतेक वेळा जीनसपाशीच, म्हणजे नावाच्या पहिल्या शब्दापाशीच थांबतं.

थांबू दे की! जेवढं दिसतं तेवढंच सांगणं यात कमीपणा काय आहे? मोबाईलमधलं ॲप पहिलं जे नाव दाखवतं ते तसंच नोंदीत जातं, मग कोणती माशी कुठे सापडते याचे नकाशे त्याच नोंदींवरून बनतात, आणि चुकीचं नाव एकदा आत शिरलं की मूळ फोटो अपुरा असल्यामुळे नंतर कुणाला ते तपासताही येत नाही. हे मला फार लागतं, कारण या माश्यांमधल्या कितीतरी जणींच्या अळ्या मावा खाऊन पिकं वाचवतात आणि एरिस्टॅलिस या हॉवरफ्लायच्या अळ्या सडक्या पाण्यात शेपटीच्या नळीने श्वास घेत वाढतात, कोण कुठे आहे ते नीट कळायलाच हवं.

म्हणून फोटो काढणाऱ्यांना विनंती, वरून एक काढलात की लगेच बाजूने पायांचा, समोरून चेहऱ्याचा आणि जमलं तर पंखाच्या शिरांचाही काढा, माशी हवेत एका जागी थांबते तशी पानावरही बरेचदा थोडा वेळ बसते. आणि तुम्हाला विनंती की नाव नक्की नसेल तेव्हा फोटोखाली नुसतं 'हॉवरफ्लाय' छापा.

आपला,
एक नियमित वाचक