रात्रीचे जॉब बंद करण्याआधी एवढं बघ

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय निल्या,

तुझ्या मॅनेजरनं मेनफ्रेमवरचे, म्हणजे त्या मोठ्या कॉम्प्युटरवरचे, रात्रीचे बॅच जॉब (गठ्ठ्यानं आपोआप चालणारी कामं) कमी करा म्हणून सांगितलंय आणि तू त्यात किती पैसे वाचतील ते मांडत बसलायस, तर मर्दा जरा थांब. कदाचित एक रुपयाही वाचणार नाही. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही म्हणून बैजवार लिहितोय, चहा घेऊन बस आणि वाच.

मेनफ्रेमचं बिल कसं लागतं हे कळायला तुला बाहेर कुठं जायची गरजच नाही, तुमच्या शिरोलीच्या फौंड्रीचं लाईटबिल आठव. युनिटचे पैसे वेगळे आणि डिमांड चार्ज वेगळा. महिन्यात एकदाच दोन भट्ट्या एकदम लागल्या तरी मीटर तो सगळ्यात वरचा केव्हीए, म्हणजे एका वेळी ओढलेला लोड, धरून ठेवतो आणि डिमांड चार्ज त्या आकड्यावर लागतो, मग बाकी महिना भट्टी थंड का असेना. काका कामगारांवर ओरडायचे ते ह्याच्याचसाठी. आयबीएमचं मंथली लायसन्स चार्जवालं बिल, म्हणजे झेड/ओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम), सीआयसीएस (ऑनलाईन व्यवहार चालवणारं), डीबीटू (डेटाबेस), एमक्यू (प्रोग्रॅममधले निरोप पोचवणारं) ह्या सॉफ्टवेअरचं, ते त्याच जातीचं आहे. महिनाभर किती काम केलं ते नाही, सगळ्यात जास्त गर्दी कधी झाली आणि किती झाली ते.

हे आधीपासून असं नव्हतं. 1969 च्या जूनमध्ये आयबीएमनं सॉफ्टवेअरचे पैसे मशीनपासून वेगळे करायचं जाहीर केलं, तोवर ते मशीनबरोबरच यायचं. पुढं बरीच वर्षं मशीन केवढं मोठं त्यावर भाडं, तुम्ही अर्धंच वापरा नाहीतर पूर्ण. 2000 साली झेड 900 मशीन आणि झेड/ओएस जाहीर झालं आणि त्याच्याबरोबर वापराप्रमाणं पैसे ही पद्धत आली, तिला सब-कपॅसिटी म्हणतात.

आता मोजतात कसं ते बघ. माप असतं एमएसयू, म्हणजे तासाला किती दशलक्ष सर्व्हिस युनिट (सीपीयूच्या कामाचं एकक). प्रत्येक एलपारचा, म्हणजे एका मशीनचे भाग पाडून केलेल्या प्रत्येक वेगळ्या मशीनचा, सीपीयू किती वापरला ह्याचे दर पाच मिनिटाचे आकडे घेऊन मागच्या चार तासांची सरासरी काढतात, म्हणजे 48 आकडे, आणि ती सरासरी पुढं पुढं सरकत राहते. हाच तो रोलिंग फोर अवर ॲव्हरेज. समज नेहमीचा लोड 300 आहे आणि वीस मिनिटं 900 ला गेला, तर सरासरी फक्त 350 होते. पण तोच लोड दोन तास 900 ला राहिला की सरासरी 600. म्हणून ग्राफवर एखादा सुळका दिसला की लोक घाबरतात ते उगाच, सुळक्यानं फारसं काही होत नाही, पठार झालं की महाग पडतं.

महिना संपला की एससीआरटी नावाचं टूल एसएमएफच्या (मशीन स्वतःच ठेवतं त्या नोंदी) 70 आणि 89 नंबरच्या रेकॉर्डमधनं हे सगळं काढतं आणि तो रिपोर्ट 9 तारखेपर्यंत आयबीएमला पाठवायचा असतो. त्यांचा महिना 2 तारखेला सुरू होतो आणि पुढच्या 1 तारखेला संपतो, त्यामुळं मंथ-एंडची 30-31 ची धावपळ आणि 1 तारखेचे रिपोर्ट एकाच बिलात येतात.

आणि जे बहुतेकांना माहीतच नसतं ते आता सांगतो. सीआयसीएसचं बिल सीआयसीएसनं स्वतः किती सीपीयू खाल्ला त्यावर सहसा लागतच नाही, ते ज्या एलपारवर चालतंय त्या अख्ख्या एलपारच्या वापरावर लागतं. एमक्यू कोपऱ्यात बसून चिमूटभर काम करत असलं तरी पैसे पूर्ण एलपारच्या हिशोबानं. आणि एखादं प्रॉडक्ट दोन एलपारवर असलं तर दोघांची बेरीज एकाच तासाला जिथं सर्वात जास्त होते तो आकडा धरतात.

कागद घे आणि मांड. एक मशीन, दोन एलपार. सकाळी अकराला ऑनलाईनवाला 400 आणि बॅचवाला 100, बेरीज 500. रात्री दहाला ऑनलाईन 150 आणि बॅच 420, बेरीज 570. झेड/ओएस दोन्हीवर आहे, त्याचं बिल 570 वर. सीआयसीएस फक्त ऑनलाईनवाल्यावर, त्याचं 400 वर. आता तुमच्या मॅनेजरचं ऐकून रात्रीचे 200 एमएसयू कापले, तर झेड/ओएसचं बिल 370 वर येणार का? नाही, सकाळचा 500 बसलाय की तिथं. म्हणजे 200 कापून 70 हातात, आणि सीआयसीएसचं एक एमएसयूपण हललं नाही. आणि तुमची गर्दी मुळातच सकाळी असेल तर रात्रीचं कितीही कापा, बिलाला फरक शून्य.

म्हणून आधी रिपोर्ट उघड आणि गर्दीची तारीख आणि तास बघ. त्या चार तासात कोण चालतंय तेवढंच शोध, बाकीच्याला हात लावू नको. ह्या शोधातच खरी मजा आहे बघ, मला तर ह्या कामाचा अजून कंटाळा येत नाही. बऱ्याचदा मोठी गोष्ट सापडतच नाही, अगदी साधी सापडते. कोबॉलच्या (हे जॉब लिहायची जुनी भाषा) एका लूपमधे टेबलचा सबस्क्रिप्ट, म्हणजे टेबलातली कितवी नोंद ते सांगणारा आकडा, डिस्प्ले प्रकारचा ठेवलेला असतो, म्हणजे प्रत्येक फेरीला मशीन तो आकडा अक्षरांतनं आधी पॅक करतंय मग बायनरी करतंय आणि मग टेबलात शिरतंय. फेऱ्या कोटीत. तो एक डेटा आयटम बायनरी केला नाहीतर इंडेक्स वापरला की तो सगळा फुकटचा खर्च जातो, लॉजिकला धक्का नाही. तसंच जुन्या कंपायलरनं केलेले लोड मॉड्यूल, म्हणजे तयार प्रोग्रॅम, नव्या मशीनवर चालतात खरं, पण नव्या इन्स्ट्रक्शन वापरत नाहीत. व्हर्जन 5 च्या पुढचा कोबॉल कंपायलर घेऊन आर्क ऑप्शन (कोणत्या मशीनसाठी ते सांगणारा) बघून परत कंपाईल केलं की सोर्स न बदलता सीपीयू कमी होतो. टेस्टिंग करावं लागतं, ते टाळू नको.

तुमच्यात कोणीतरी सॉफ्ट कॅपिंग लावा म्हणणारच. डिफाइन्ड कपॅसिटी, म्हणजे एलपारला ठरवून दिलेली मर्यादा, लावली की सरासरी त्या आकड्याच्या वर गेल्यावर एलपारला तिथंच दाबून धरतात आणि बिल त्याच्या वर जात नाही, खरं आहे. पण ते दाबणं नेमकं गर्दीच्या वेळी होणार, काउंटरवर माणसं उभी असताना. डब्ल्यूएलएमच्या, म्हणजे कुठल्या कामाला आधी सीपीयू द्यायचा ते ठरवणाऱ्या भागाच्या, पॉलिसीत कोणतं काम महत्त्वाचं हे कुणी नीट लिहिलेलं नसेल तर माझं स्पष्ट मत आहे, कॅप लावू नये. आधी पॉलिसी, मग ट्यूनिंग, मग कॅप.

झिप इंजिनचं, म्हणजे ठराविक कामांसाठीच्या वेगळ्या प्रोसेसरचं, पण बघ, 2006 पासून आहेत. जावा, डीबीटूचं बाहेरनं येणारं डीआरडीए काम असलं बरंचसं त्यावर जातं आणि ते एमएसयूत धरत नाहीत. फक्त झिप भरलं की उरलेलं काम साध्या प्रोसेसरवर सांडतं, आणि ते सांडतं कधी तर गर्दीतच. तो क्रॉसओव्हरचा आकडा काढून घे.

हे सगळं लिहिलं खरं, पण ह्याच्याही आधी ॲग्रीमेंट वाच. 2019 पासून टेलर्ड फिट प्रायसिंग आलंय, त्यात वर्षभरात एकूण किती एमएसयू वापरले त्याचा हिशोब असतो, गर्दीचा नाही. तुमचं ते असेल तर तुझा मॅनेजर बरोबर आहे, रात्रीचा जॉबपण पैसेच खातोय आणि तो कापला तर उपयोग आहे. आणि दुसऱ्या कंपन्यांची टूल्स, शेड्यूलर, सॉर्ट वगैरे, ह्यातली काही अजून पूर्ण मशीनच्या कपॅसिटीवर पैसे घेतात, तिथं तू कितीही घाम गाळलास तरी बिल जागचं हलत नाही, तिथं रिन्यूअलला बसून भांडावंच लागतं.

आणखी एक. हे जॉब ज्यांनी लिहिले त्यातले कोणी अजून नोकरीत असतील तर कापायच्या आधी त्यांना विचार. कुठला जॉब रात्री दोनलाच का लावला हे कुठल्याच डॉक्युमेंटात नसतं, त्यांच्या डोक्यात असतं.

क्लायंटचं नाव काढून शेवटच्या तीन महिन्यांचे गर्दीचे तास आणि त्या वेळचे जॉबचे सीपीयू आकडे पाठव, रविवारी बसून बघतो. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
संत्या