अणुवैद्यक विभागातील रंगाची खरी कसोटी व्हावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१ची मोठी मात्रा दिलेल्या रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवतात, कारण त्याच्या लघवीतून, घामातून आणि लाळेतून ते किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडत राहते. अशा खोलीच्या भिंती व फरशी सहज धुता येणाऱ्या असाव्यात, ही अपेक्षा सर्वत्र लिहिलेली असते; ‘सहज’ म्हणजे किती, हे मात्र माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही निविदेत नव्हते. रंग-उद्योगात आयुष्य गेल्यामुळे मला ही उणीव फार खुपते.

ही सहजता मोजता येते. त्यासाठी आयएसओ ८६९० हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८पासून आहे. रंग दिलेल्या नमुन्यावर कोबाल्ट-६० व सिझियम-१३७ यांची द्रावणे ठेवतात, नेमलेल्या वेळेनंतर नमुना ठरलेल्या रीतीने धुतात आणि किती किरणोत्सार चिकटून राहिला ते मोजतात. या दोन मूलद्रव्यांचे रासायनिक वर्तन निराळे असल्याने एकाला दाद न देणारा रंग दुसऱ्याला धरून ठेवू शकतो. नुसती चमक पाहून किंवा हळदीचा डाग निघाला म्हणून याचा अंदाज बांधता येत नाही. डोळ्यांना न दिसणारे आयन थरातील सूक्ष्म रंध्रांत शिरतात किंवा त्यातील भरणद्रव्याला, म्हणजे रंगात मिसळलेल्या बारीक भुकटीला, चिकटून बसतात.

किरणोत्सार पृष्ठभागांना धरून बसला की काय होते, याचे हे टोकाचे उदाहरण: ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७मध्ये टाकून दिलेल्या उपचारयंत्रातील सिझियमची भुकटी घराघरांत पसरली, चौघांचा मृत्यू झाला आणि काही घरे पाडावीच लागली. सिझियम-१३७चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, तीस वर्षांचे. आयोडीन-१३१चे आठच दिवसांचे, म्हणून ‘थोडे थांबले की झाले’ असे काही जण म्हणतात. परंतु हजारावा भाग उरायला सुमारे ऐंशी दिवस लागतात आणि खोल्या मोजक्याच असल्याने तेवढे दिवस त्यांतली एक बंद ठेवणे म्हणजे रांगेतल्या रुग्णांचा उपचार लांबवणे होय.

माझा खरा आग्रह पुढचा आहे. चाचणी नव्याकोऱ्या नमुन्यावर होते, आणि खोलीतला रंग तसा राहत नाही. एका रुग्णालयात मी पाहिले, की इपॉक्सीचा थर एरवी उत्तम होता, पण ट्रॉलीच्या चाकांनी पडलेल्या ओरखड्यांवर आणि बेसिनखालच्या उकललेल्या सांध्यावर किरणोत्सार-मापक आणला की आकडा चढत होता, आणि तिसऱ्यांदा पुसूनही तो फारसा उतरला नाही.

म्हणून अणुऊर्जा नियामक मंडळाने व राज्याच्या आरोग्य विभागाने अशा खोल्यांच्या निविदेत या चाचणीचा अहवाल अनिवार्य करावा, आणि तो ओरखडे पाडलेल्या व निर्जंतुकाने वारंवार धुतलेल्या नमुन्यांचाही मागावा. शिवाय रंगकामाच्या वेळी त्याच डब्यातल्या रंगाच्या चार-सहा पट्ट्या तयार करून त्याच खोलीत लावून ठेवाव्यात. रोज भिंतीबरोबर त्याही पुसल्या जातील आणि दर दोन वर्षांनी त्यांतली एक काढून प्रयोगशाळेत पाठवता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रंग-रसायनतज्ज्ञ, मुंबई